रानतांदळाची हॉटडिश दुसरी कशी आली

नॉर्बी, मिनेसोटा
१ डिसेंबर

प्रिय आर्लिसताईस,

धाकट्या ऑर्डेलचा नमस्कार. हे पत्र ॲरिझोनाला पोचेपर्यंत तुझा खुबा आणखी थोडा बरा झालेला असो. जोलीन फोनवर म्हणाली की तू आता काठीशिवाय फाटकापर्यंत जातेस आणि परत येताना तिच्या बागकामातल्या चुका मोजतेस, म्हणजे तब्येत सुधारते आहे असं मी धरून चालतो. जोलीनला, जावईबापूंना आणि त्यांच्या त्या केस नसलेल्या कुत्र्याला माझी आठवण सांग. इकडे सगळं ठीक आहे. थंडी नेहमीचीच. शाळेच्या बसगाड्यांची इंजिनं गोठू नयेत म्हणून रोज संध्याकाळी त्यांना विजेची वायर जोडून ठेवावी लागते आणि तरीही सात नंबरची गाडी सकाळी रुसलेलीच असते. तुझ्या घरी मी एक दिवसाआड जातो, नळ थेंबथेंब सोडून ठेवलेला आहे, त्यामुळे पाइप शाबूत आहेत. खिडकीतली जिरेनियमची झाडं छान आहेत. (दोन होती. आता छान आहे असं म्हणायला हवं.) पत्रास खास असं काही कारण नाही. बरेच दिवसांत लिहिलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझ्या गणिताबद्दल तुला नीट सांगायचं राहूनच गेलं. गव्हाचं कोठार बंद झाल्यावर शाळेने मला बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळायला घेतलं, ते तुला माहीत आहे. त्या जागेचं नाव 'प्रभारी वाहतूक व्यवस्थापक' असं आहे, आणि त्यातला 'प्रभारी' काढायचा तर एक जानेवारीच्या आत दोन वर्षांची पदवी हवी, असं शाळेच्या मंडळाने ठरवलं आहे. बाकीचे सगळे विषय मी एकेक करून संपवले, अगदी 'भाषणकला' सुद्धा, ज्यात मी चार मिनिटं बर्फ उपसण्याच्या फावड्यावर बोललो. राहिलं एकच, 'महाविद्यालयीन गणित, सर्वसाधारण विद्यार्थ्यांसाठी'. ज्यांना पुढे इंजिनियर, डॉक्टर वगैरे काही व्हायचं नाही आणि आयुष्यात पुन्हा गणिताच्या वाटेला जायचं नाही, त्यांच्यासाठी तो विषय आहे. मी त्यात एकोणिसाव्या वर्षी एकदा नापास झालो (मळणी चालू होती) आणि मागच्या उन्हाळ्याआधी दुसऱ्यांदा (तेव्हा मात्र काही चालू नव्हतं). तिसऱ्यांदा नापास होणाऱ्याला कॉलेज पुन्हा घेत नाही. मला हे पत्रात लिहायलाही बरं वाटत नाही, पण प्रभारीपण गेलं नाही तर एक जानेवारीला जागाच जाईल, आणि एकोणसाठाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण उभं करणार?

पहिल्या दिवशी वर्गात गेलो तर सगळी अठरा-एकोणीस वर्षांची मुलं, आणि मी आत शिरताच त्यांनी वह्या उघडल्या, कारण त्यांना वाटलं मास्तर आले. मी मागच्या रांगेत जाऊन बसलो तेव्हा त्यांचा जो हिरमोड झाला तो अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. शेजारी शायेन नावाची नर्सिंगची मुलगी बसते. तिचे केस एका बाजूने निळे आहेत, पण स्वभावाने चांगली आहे. ती म्हणाली, "काका, घाबरू नका, या कोर्सात एक्स फारसा येत नाही." आणि खरंच येत नाही, ताई. आपण समजत होतो तसलं गणितच नाही ते. पहिले तीन आठवडे नुसती वर्तुळं. एका वर्तुळात गाई असलेली माणसं, दुसऱ्यात बर्फावरची मोटर असलेली, आणि मधल्या बदामात दोन्ही असलेली. मी आपल्या गावातली सगळी माणसं त्यात बसवली आणि लेनर्ड क्विस्ट काही कुठल्याच वर्तुळात बसेना. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, त्यांना बाहेर लिहा. लेनर्डला पुस्तकानेसुद्धा बाहेरच ठेवलं याचं मला थोडं वाईट वाटलं. त्यानंतर तर्काचं प्रकरण आलं. 'जर पाऊस पडला तर मासे लागतात' हे वाक्य, पाऊस पडलाच नाही तर, मासे लागोत न लागोत, खरंच मानायचं म्हणे. मी कोवाल्चिक मॅडमना म्हणालो की हे तर आमच्याकडे तळ्यावर सगळे कधीपासून करत आहेत. त्या हसल्या नाहीत. शिकागोच्या आहेत, वय असेल अठ्ठावीस, आणि कोणी काही म्हटलं की ते त्याने मनापासूनच म्हटलं आहे असं धरतात. आपल्या भागात असं माणूस किती दिवस टिकेल ही मला काळजीच आहे.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. नाव नोंदवायला ऑफिसात गेलो होतो तेव्हा तिथल्या बाईंनी आडनाव बघून जुनं कपाट उघडलं आणि विचारलं, "आर्लिस टॉलफसन तुमच्या कोण?" तुझं कार्ड अजून आहे तिथे. बाकी सगळ्या विषयांपुढे अ, अ, अ, आणि गणितापुढे 'अपूर्ण'. त्याची तारीख आई गेली त्याच महिन्याची आहे. त्या अपूर्णाचं कारण तेव्हा सात वर्षांचं होतं आणि त्याला अंधारात जिना उतरायची भीती वाटायची, हे मी त्या बाईंना सांगितलं नाही. पण मला ते कार्ड बघून फार लागलं. तू कधी बोलली नाहीस, मी कधी विचारलं नाही, आपल्या घरात तशी पद्धतच नाही. असो. जिरेनियमला पाणी आठवड्यातून एकदाच घालतो आहे.

तर सहावं प्रकरण मतदानाचं. मॅडमनी वर्गात चार तऱ्हेची बिस्किटं आणली आणि आम्हाला पसंतीचा क्रम लिहायला सांगितला. मग तीच पत्रिका, तेच क्रम, पण मोजण्याची पद्धत दर वेळी निराळी, आणि दर वेळी निराळंच बिस्कीट निवडून आलं. शायेन म्हणाली, "म्हणजे आपल्याला काय आवडतं हे आपल्याला कळतच नाही?" मॅडम म्हणाल्या की तुम्हाला कळतं, प्रश्न मोजणाऱ्याने काय विचारलं हा आहे. हे मला एकदम पटलं. आयुष्यात पहिल्यांदा गणितातलं काहीतरी माझ्या मेंदूत शिरून तिथेच राहिलं, आणि खरं सांगायचं तर त्यानेच घात केला. कारण याच प्रकरणावर प्रत्येकाने एक प्रकल्प करायचा होता. आपल्या गावातलं, घरातलं, कुठलंही खरं मतदान घ्यायचं, ते नव्या पद्धतीने मोजायचं आणि काय झालं ते लिहायचं.

आता तूच सांग, नॉर्बीत खरं मतदान दुसरं कुठलं होतं? नगराध्यक्षाला तर कोणी विरोध करत नाही. उरलं चर्चच्या तळघरातलं शरदाचं जेवण आणि ओव्हनमध्ये भाजून आणलेल्या हॉटडिशच्या चढाओढीचा चमचा. तो लाकडी चमचा, त्यावरच्या पितळी पट्ट्या, त्यातल्या बावीस पट्ट्यांवर तुझं नाव. मी काही तुझ्या पट्ट्यांच्या वाटेला जायला निघालो नव्हतो, एवढं कृपा करून लक्षात घे. मला वाटलं, ही पद्धत फक्त डब्यांच्या पद्धतीपेक्षा सुधारलेली. आजवर प्रत्येक हॉटडिशपुढे कॉफीचा रिकामा डबा असायचा आणि प्रत्येकाने आपलं एक बटण आवडलेल्या डब्यात टाकायचं. त्यात सगळ्यांना दिसतं कोणी कुठे टाकलं. म्हणून आपल्या घरचा कोणी कधी तुझ्या डब्यात बटण टाकत नाही. टाकलं तर ते मिरवल्यासारखं दिसतं. आपण टॉलफसन लोक बटणं घेऊन दुसऱ्यांच्या डब्यांकडे जायचो आणि तरी तू जिंकायचीस, कारण बाकीचं गाव तुझ्या डब्यात टाकायचं. मी मार्डेल स्टेनरूडकडे गेलो. (तळघराच्या स्वयंपाकघराचा कारभार अजून तिच्याकडेच आहे आणि अजून ती कोणाला मोठ्या किसणीला हात लावू देत नाही.) तिला म्हटलं, या वर्षी बटणांऐवजी कागद द्या. प्रत्येकाने चारही हॉटडिशना क्रम द्यायचा, पहिलीला चार गुण, दुसरीला तीन, तिसरीला दोन, शेवटचीला एक. म्हणजे नुसतं कोणती आवडली एवढंच नाही, किती आवडली तेही कळेल, आणि कोणाला कुणाचं दिसणारही नाही. मार्डेल मोठी किसणी खणात ठेवून म्हणाली, "हे जरा वेगळं आहे." मी ते होकारासारखं घेतलं. ही माझी चूक होती, मान्य करतो. कॉलेजात राहून माझे कान थोडे बिघडले आहेत.

तुझी हॉटडिश मी अगदी तू सांगितलं तशी केली, हे आधीच स्पष्ट करतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझं लक्ष भलतीकडे जाणार नाही. तू जाण्यापूर्वी माझ्या फ्रीझरमध्ये गोठवून ठेवली होतीस ती आदल्या दिवशी काढून खाली ठेवली. झाकणाच्या पत्र्यावर तू लिहिलेलं वाचलं. 'ओव्हन साडेतीनशेवर, चाळीस मिनिटांनी पत्रा काढ, मग आणखी वीस. ऑर्डेल, चाळीस म्हणजे चाळीस.' मी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून घड्याळाकडे बघत बसलो. चाळीस मिनिटांनी पत्रा काढला. रानतांदळाचा वास सगळ्या घरात पसरला. भांड्याच्या तळाशी तुझ्या नावाची चिकटपट्टी होती, ती मी काढून चर्चचा नंबर लावला, कारण नावं दिसायला नकोत. (भांडं मात्र तेच कोपरा उडालेलं निळं, त्यामुळे कोणाची ते सगळ्यांना दारातूनच कळलं. मार्डेलचं खिमा-बटाट्याचं तपकिरी झाकणवालं, लव्हॉन डाल हिचं टूना-शेवयांचं फुलाफुलांचं, तेही कळतातच.) चौथं भांडं कोरं करकरीत होतं, दुकानाचा किमतीचा कागद एका बाजूला अर्धा खरवडलेला. ते नव्या पाद्रीबुवांचं. पाद्री ब्रुबेकर पेनसिल्वेनियाहून आले आहेत, एकतीस वर्षांचे, अविवाहित, आणि आपल्याकडे पाद्र्याने हॉटडिश आणायची नसते हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. ते टेबलाशी दोन्ही हात मागे धरून उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होते, "माझी पहिलीच वेळ आहे." त्यांच्या हॉटडिशवर बटाट्याचे कुरकुरीत गोळे इतक्या सरळ ओळींत मांडले होते की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मतं मोजायला मी शायेनला बोलावलं होतं, कारण मोजणारा गावचा नसावा असं पुस्तकात आहे. एक्केचाळीस कागद. तळघरात कॉफीची दुसरी फेरी चालू, सगळे इकडेतिकडे बघत, कोणालाच निकालाची फिकीर नाही असं दाखवत. शायेन मोबाइलवर बेरीज करता करता थांबली आणि हळूच म्हणाली, "काका, तुमच्या गावात सगळ्यांना पाद्री साहेब दुसरेच का आवडतात?" मी कागद बघितले. एक्केचाळीसपैकी तीस जणांनी पाद्रीबुवांची हॉटडिश दुसऱ्या नंबरवर लिहिलेली. ताई, विचार केला तर ते किती सरळ आहे! पाद्र्याला पहिला नंबर दिला तर ती खुशामत, तिसरा दिला तर अपमान. राहतो दुसरा. तीस माणसांनी न बोलता, एकमेकांकडे न बघता तोच विचार केला. आणि तुझी? सतरा जणांनी पहिली लिहिली होती, इतर कोणाहूनही जास्त. पण चौदा जणांनी शेवटची. त्या चौदातले अकरा आपले टॉलफसन, मी नंतर विचारून बघितलं. आपण घरच्यांना बटण देत नव्हतो तोपर्यंत ठीक होतं, ते बटण नुसतं दुसरीकडे जायचं. आता क्रम द्यायचा म्हटल्यावर प्रत्येकाने घरच्या हॉटडिशला नम्रपणे सगळ्यात खाली टाकलं. ते सुद्धा गुप्त मतदानात! मी चुलतभाऊ ग्लेनला नंतर विचारलं, अरे कोणाला दिसणार नव्हतं ना? तो म्हणाला, "देवाला दिसतं. आणि मार्डेलला अक्षर ओळखू येतं."

बेरीज झाली ती अशी. पाद्री ब्रुबेकर एकशे सात, तू एकशे सहा, लव्हॉन शंभर, मार्डेल सत्त्याण्णव. एका गुणाने, ताई. शायेनने तीनदा मोजलं, मी दोनदा, शेवटी मार्डेलने येऊन चष्मा लावून मोजलं. मग तिने चमचा भिंतीवरून काढला, फडक्याने पुसला, आणि जाहीर केलं. टाळ्या झाल्या. त्या टाळ्या कशा होत्या तुला माहीत आहे, हातमोजे घालून वाजवल्यासारख्या. पाद्रीबुवांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला, त्यांनी चमचा घेतला नाही, "मला जरा बोलायचं आहे, पण आज नको," म्हणाले आणि घरी गेले. त्या दिवशी सगळ्यांना वाटलं विनयशील माणूस आहे. रविवारी ते व्यासपीठावर उभे राहिले आणि वचन वाचायच्या आधीच सांगून टाकलं की ती हॉटडिश त्यांनी केलेलीच नव्हती. सुपरमार्केटच्या गोठवलेल्या कपाटातून आणून, पुठ्ठ्यातून काढून काचेच्या भांड्यात घातली होती. त्यांना स्वयंपाक येत नाही, रिकाम्या हाताने यायची लाज वाटली, आणि आपण जिंकू असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. सगळं चर्च खाली बघत बसलं. बाहेर पडताना दाराशी प्रत्येकाने त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, आजचं प्रवचन वेगळं होतं.

त्यांना गावाने माफ केलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या ओसरीवर रोज कोणी ना कोणी हॉटडिश ठेवून जातं, आता त्यांना फ्रीझर घ्यावा लागणार. माफ मला केलेलं नाही. कोणी काही बोललं नाही गं, बोलायचा प्रश्नच नाही. पण गेले तीन रविवार मार्डेल कॉफीची किटली घेऊन टेबलाभोवती फिरते, माझ्या डाव्या बाजूच्याला दुसरा कप ओतते, उजव्या बाजूच्याला ओतते, आणि माझ्या कपापाशी आल्यावर तिला स्वयंपाकघरात काहीतरी आठवतं. चमचा भिंतीवर परत लावला आहे, पण या वर्षाची पट्टी कोरी आहे. आणि गावात सध्या एकच विषय आहे, तोही कोणी मोठ्याने बोलत नाही. पाद्रीबुवांच्या हॉटडिशला पहिला नंबर फक्त एकाने दिला होता. एकच कागद. तो कोणाचा? लव्हॉन म्हणते लेनर्ड क्विस्टचा असणार, त्याला चव नाही. लेनर्ड म्हणतो तो त्या दिवशी आलाच नव्हता, आणि ते खरं आहे.

तुला हे सगळं मी आधी सांगायला हवं होतं. तू त्याच रात्री फोनवर विचारलंस, "चमचा कोणाकडे गेला?" आणि मी म्हणालो लाइनमध्ये खरखर आहे. लाइनमध्ये खरखर नव्हती, मी फोनवर कागद चुरगाळत होतो. त्यानंतर ग्लेनने, लव्हॉनने आणि मार्डेलने तुला फोनवर 'यंदा जेवण वेगळं झालं' असं सांगितल्याचं जोलीनने मला कळवलं, म्हणजे तुला अंदाज आलाच असणार. तिघांनी एकच शब्द वापरला म्हटल्यावर तू त्या रात्री झोपली नसशील. मला क्षमा कर. पत्रात लिहिणं सोपं जातं, तुझं 'हं' ऐकू येत नाही.

एवढंच. इथे सगळे मजेत आहेत. खुब्याला जप, जिने चढू नकोस, आणि जोलीनच्या बागेवर फार बोलू नकोस. तुझी वाट बघतो आहे, सात नंबरची बससुद्धा तुझी वाट बघते आहे (तिचा दरवाजा अजून, तू ती चालवायचीस तेव्हा दाखवलंस तसाच, कोपराने ढकलावा लागतो).

तुझा धाकटा भाऊ,
ऑर्डेल

ता. क. पत्रास कारण की, सोबत एक छापील कागद आहे. कोवाल्चिक मॅडमचा नियम असा की नव्या पद्धतीमुळे ज्याचं नुकसान झालं त्याचं म्हणणं, त्याच्या हस्ताक्षरात, खाली सहीसह, जोडल्याशिवाय प्रकल्प तपासला जाणार नाही. त्या म्हणतात, जिंकलेल्याकडून पद्धत कधीच कळत नाही. परीक्षांचे सत्तरपैकी माझे चव्वेचाळीस झाले आहेत. पास व्हायला साठ लागतात, म्हणजे प्रकल्पाच्या तिसातले सोळा हवेत, आणि सही नसेल तर शून्य. पुढच्या शुक्रवारी द्यायचा आहे. तिकीट लावलेलं पाकीट आत घातलं आहे. 'पद्धत न्याय्य होती का?' यापुढे हो किंवा नाही, तुला वाटेल तिथे खूण कर, मार्क सहीला आहेत, मताला नाहीत. फक्त त्याखालच्या चार ओळींत 'वेगळं होतं' एवढंच लिहू नकोस. मॅडम शिकागोच्या आहेत, त्यांना वाटेल तुला आवडलं.

ता. क. २. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला एक प्रश्न मी भरायचा होता, तो तू उलटवून वाचणारच, म्हणून इथेच सांगतो. 'एकाच मतदाराने मत बदललं असतं तर निकाल बदलला असता का? असल्यास कोणी?' त्यापुढे माझं नाव आहे. पाद्रीबुवांना पहिला नंबर देणारा तो एक कागद माझा होता. आणि त्यात तू शेवटची होतीस. जागांची अदलाबदल केली असती तर तू एकशे नऊ झाली असतीस आणि ते एकशे चार. ते टेबलाशी हात मागे धरून उभे होते ना, ते बघून मला कॉलेजातला माझा पहिला दिवस आठवला. वाटलं, या माणसाला एकही पहिला नंबर मिळाला नाही तर घरी जाऊन काय करेल? एकाने तरी द्यावा. तू तर जिंकणारच होतीस, तू कायम जिंकतेस, आणि घरच्याला खालीच टाकायचं हे तर तूच मला शिकवलं आहेस. एकट्याच्या मताने काय फरक पडतो, असं मला वाटलं. सातवं प्रकरण नेमकं त्यावरच आहे, पण तेव्हा आम्ही सहाव्यातच होतो.

ता. क. ३. हे गावात अजून कोणालाच माहीत नाही. मार्डेलला अक्षर ओळखू येतं, तेव्हा तिला माहीत असणार. कॉफीचं आता नीट कळलं.

ता. क. ४. सगळे गेल्यावर मी तुझं निळं भांडं घासायला घरी आणलं. कोपऱ्यात खरपूस झालेला रानतांदूळ चिकटला होता, तो उभ्या उभ्या चमच्याने खरवडून खाल्ला. आर्लिसताई, चारांत पहिली तुझीच होती. दर वर्षी तुझीच असते. बावन्न वर्षं तुझ्या हातचं खातो आहे आणि एकदाही तोंडातून निघालं नाही, म्हणून आज लिहून ठेवतो. पास झालो तर ऑफिसातल्या बाईंना विचारणार आहे की ते 'अपूर्ण' खोडता येतं का. हे वाचून झालं की पत्र फाडून टाक, पण आधी सही कर.